घरातील चीजवस्तूंचा विमा आणि मधल्या माणसाचा मेहनताना

घर घेताना आपण जितका विचार करतो, त्याच्या दशांशानेही विचार घरातील सामानाचा करीत नाही. आजेसासूबाईंच्या वेळचे तांब्याचे घंगाळ, शिसवी कपाट, लेकीसाठी थोडेथोडे करून जमविलेले दागिने, फ्रिज, धुलाईयंत्र, चिरंजिवांचा संगणक, भिंतभर पुस्तके! या साऱ्यांची बेरीज कागदावर कधी मांडलेलीच नसते. ती मांडली जाते पाणी ओसरल्यावर, चिखलात उभे राहून. वडोदऱ्याच्या वाचकांना हे सांगावयास नको. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस या शहरावर कोसळला, आणि ऑगस्ट २०२४च्या अखेरीस विश्वामित्री धोक्याची पातळी ओलांडून समा, कारेलीबाग, अकोटा या वस्त्यांत शिरली. त्यानंतर कितीतरी दिवस भिजलेल्या गाद्या आणि निकामी झालेली यंत्रे घरांच्या दाराशी पडून होती.

अशा प्रसंगानंतर विमा उतरवणारे पुष्कळ निघतात. परंतु विमा उतरवणे निराळे, आणि वर्ष सरताच तो समजून उमजून नवा करणे निराळे. नूतनीकरणाचा संदेश मोबाईलवर येतो, खाली एक रक्कम असते, ‘आजच भरा’ अशी सूचना असते, आणि आपण वीजबिल भरावे तशी ती भरून मोकळे होतो. त्या रकमेत विम्याचा हप्ता किती, सरकारी कर किती आणि मधल्या माणसाचे किती, हा प्रश्न फारच थोड्या घरांत विचारला जातो. म्हणून त्या मधल्या माणसाच्या मेहनतान्याविषयी येथे जरा खोलात जाऊन लिहावे, असे आम्हांस वाटले.

प्रथम शब्दाचा घोळ. मराठीत ‘दलाल’ म्हटले की कपाळावर आठी पडते. गुजरातेत मात्र दलाल हे मानाचे आडनाव आहे, आणि आपल्यापैकी अनेकांचे शेजारी ते सुखाने मिरवतात. धंद्याकडे पाहण्याच्या दोन समाजांच्या दृष्टीतला हा फरक मोठा मौजेचा आहे. पण तो विषय पुन्हा केव्हातरी. विम्याच्या व्यवहारात रूढ झालेला ‘ब्रोकर’ हा शब्दच आम्ही येथे वापरतो.

विमा विकणारा प्रत्येक जण ब्रोकर नसतो. आपल्या ओळखीचे जे गृहस्थ दिवाळीला दिनदर्शिका घेऊन घरी येतात, ते बहुधा एजंट असतात. एजंट हा कंपनीचा माणूस. आग, पूर, चोरी अशा सर्वसाधारण विम्यात तो सामान्यतः एकाच कंपनीचे काम करतो, तेव्हा दुसऱ्या कंपनीची पॉलिसी स्वस्त किंवा चांगली असली तरी ती तो देऊ शकत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ब्रोकर ही परवानाधारक संस्था असते आणि कायद्याच्या दृष्टीने ती ग्राहकाची प्रतिनिधी असते. अनेक कंपन्यांचे दर व अटी पाहून ग्राहकाला योग्य ते सुचविणे, कागदपत्रे नीट करणे आणि नुकसान झाल्यास दाव्याच्या कामी मदत करणे, ही तिची कर्तव्ये आहेत. तिसरी पंगत बँकांची. बँक बहुधा काही ठरावीक कंपन्यांची संस्थात्मक एजंट असते. गृहकर्जाच्या वेळी बँकेने जो विमा गळ्यात घातला तो बहुतेक वेळा इमारतीचा असतो, सामानाचा नव्हे. आणि सोसायटीने उतरविलेला विमाही भिंतींपुरताच असतो. ‘आमचा विमा आहे’ असे निर्धास्तपणे सांगणाऱ्या दहा कुटुंबांनी एकदा तो कागद काढून वाचावा, अशी आमची विनंती आहे.

आता मुख्य प्रश्न. मधल्या माणसाला पैसे कोण देतो? आपल्या देशात घरगुती विम्यावर ते विमा कंपनी देते, आणि ते आपण भरलेल्या हप्त्यातूनच जातात. एजंटाला मिळते ते कमिशन, ब्रोकरला मिळते ती ब्रोकरेज. नावे दोन, झरा एकच. मोठ्या कारखानदारांना जोखमीसंबंधी सल्ला देऊन त्याचे वेगळे शुल्क ठरविण्याची मुभा ब्रोकरांना आहे. परंतु दोन खोल्यांच्या घरातील सामानाच्या पॉलिसीवर ग्राहकाकडून निराळे नूतनीकरण शुल्क घेण्याची रीत नाही.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. हिशेबापुरते असे धरू की आग, पूर आणि घरफोडी मिळून एका कुटुंबाच्या सामानाच्या विम्याचा निव्वळ हप्ता वर्षाला १,२०० रुपये आहे. त्यावर १८ टक्के दराने वस्तू व सेवा कर २१६ रुपये, म्हणजे एकूण १,४१६. (सप्टेंबर २०२५मध्ये वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविमा यांवरील हा कर उठला, तो घरविम्यावरचा नव्हे, या दोहोंची गल्लत अजून पुष्कळ जण करतात.) मध्यस्थाला निव्वळ हप्त्याच्या १५ टक्के मिळतात असे मानले तर त्याच्या वाट्याला येतात १८० रुपये. करावर कमिशन नसते.

आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षक दांपत्याला अशाच पॉलिसीच्या नूतनीकरणासाठी १,९१६ रुपयांचा संदेश आला. आदल्या वर्षी १,४१६ भरले होते. महागाई वाढली असेल म्हणून यजमान पैसे भरावयास निघाले होते. बाईंनी मात्र तपशील मागविला. (चाळीस वर्षे गणित शिकविलेल्या त्या बाई!) उत्तर आले की वरचे ५०० ‘नूतनीकरण सेवे’चे. बाईंनी दोन ओळींचा निरोप धाडला: या पाचशेंची कर लावलेली पावती मिळेल काय, आणि ते पॉलिसीच्या कागदावर छापले जातील काय? दुसऱ्या दिवशी नवा संदेश आला, १,४१६चा. भांडण नाही, तंटा नाही.

या छोट्या गोष्टीत जी कसोटी आहे ती प्रत्येकाला लावता येईल. पॉलिसीच्या पहिल्या पानांवर, ज्याला शेड्यूल म्हणतात तेथे, निव्वळ हप्ता, कर आणि एकूण रक्कम स्वच्छ छापलेली असते. त्या एकूण रकमेपेक्षा जे अधिक मागितले जाते ते विम्याचे नव्हे. त्याच पानावर मध्यस्थाचे नाव व क्रमांकही असतो. आपण ज्याला ओळखतो तोच तेथे आहे ना, हे पाहावे.

तुम्हांला या व्यवहारात किती मिळते, असे विचारणे आपल्याकडे असभ्य मानले जाते. ते मुळीच असभ्य नाही. ग्राहकाने विचारल्यास आपल्या कमिशनचा दर सांगणे एजंटावर, आणि मिळणारा मेहनताना सांगणे ब्रोकरवर, नियमानेच बंधनकारक आहे. भाजीवाल्याकडे दोन पैशांसाठी घासाघीस करणारे आपण हा एक प्रश्न विचारताना का संकोचतो, हे कोडेच आहे.

उलट बाजूने एक गैरसमज असा की, एजंटाकडून त्याच्या कमिशनचा काही भाग परत मिळवावा. ‘अर्धे तुमचे अर्धे आमचे’ हा व्यवहार पुष्कळ ठिकाणी चालतो आणि तो व्यवहारचातुर्याचा नमुना म्हणून सांगितलाही जातो. विमा कायदा १९३८च्या कलम ४१ने अशी सूट देणे आणि घेणे, दोन्ही निषिद्ध ठरविले आहे. देणाऱ्याइतकाच घेणाराही त्यात सापडतो. कंपनीने आपल्या पत्रकात जाहीर केलेली सवलत मात्र खुशाल घ्यावी. काही कंपन्या आपल्या संकेतस्थळावरून थेट घेतलेल्या विम्यावर अशी सवलत देतात, काही देत नाहीत. तेव्हा मधला माणूस टाळला की पैसे वाचलेच, असे समजू नये. थेट घेऊनही हप्ता तोच राहिला, तर कमिशनचा वाटा कंपनीकडे राहिला एवढेच, आणि दाव्याच्या वेळी आपण एकटे.

हे दर ठरतात कसे? १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन १०७ कंपन्यांच्या जागी चार सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. त्या काळात आगीच्या विम्याचा दर शुल्कसूचीने बांधलेला असे. कोठेही गेलात तरी भाव तोच, त्यामुळे तुलना करून देणाऱ्या माणसाला कामच नव्हते. २००० साली खाजगी कंपन्यांना दार उघडले, २००२मध्ये ब्रोकरांसाठी नियम झाले, आणि १ जानेवारी २००७पासून आगीच्या विम्याचे बांधलेले दर उठले. आता एकाच घराला दोन कंपन्या दोन भाव सांगतात. ब्रोकरच्या धंद्याला खरा अर्थ येथून आला. पुढे १ एप्रिल २०२३पासून कमिशनवरील प्रकारवार कमाल मर्यादाही गेल्या. सर्वसाधारण विमा कंपनीचा कमिशनसह एकूण व्यवस्थापन खर्च तिच्या ढोबळ हप्त्याच्या ३० टक्क्यांत बसला पाहिजे, असा नियम आला. म्हणजे अमुक पॉलिसीवर मध्यस्थाला अमुक टक्केच मिळतील असे आज बाहेरून सांगता येत नाही. विचारण्याची गरज त्यामुळे वाढलीच.

मध्यस्थाविषयी न्यायाने बोलायचे तर १८० रुपयांत वर्षभर कोण राबणार? घरातील सामानाचा विमा हा या धंद्यात सर्वांत किरकोळ माल आहे. मोटारीचा किंवा आरोग्याचा विमा विकताना जी तत्परता दिसते ती येथे दिसत नाही, आणि त्याचे कारण माणसाचा दुष्टपणा नसून हा हिशेब आहे. त्यातून दोन प्रवृत्ती निपजतात. एक, गेल्या वर्षीचा कागद जसाच्या तसा पुढे ढकलणे. दुसरी, हप्ता वाढावा म्हणून अनावश्यक जोडण्या लावणे. पहिलीने होणारे नुकसान अधिक मोठे, कारण ते दिसत नाही.

ते कसे, हे पाहण्यासाठी पॉलिसी उघडू. १ एप्रिल २०२१पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या मजकुराची पॉलिसी प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला द्यावी लागते. ती खरोखर चांगली आहे. इमारतीचा विमा घेतला की त्याच्या २० टक्के, पण कमाल १० लाख रुपयांपर्यंत, सामान्य घरसामान तपशील न देताही संरक्षित होते. अधिक हवे असल्यास यादी द्यावी. आग, वीज, भूकंप, पूर, वादळ, दंगल यांबरोबर दहशतवादी कृत्याचीही त्यात तरतूद आहे. विम्याची रक्कम कमी धरली म्हणून भरपाईत प्रमाणशीर कपात करण्याची जुनी पद्धतही तिने सोडून दिली आहे.

परंतु चोरी! येथे बहुसंख्य कुटुंबे फसतात. या पॉलिसीत चोरीची भरपाई आहे ती केवळ आग, पूर, दंगल अशा एखाद्या आपत्तीमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीची. आपण मुलाकडे पुण्याला गेलो, मागे कुलूप फोडून कोणी कपाट रिकामे केले, तर मूळ पॉलिसी त्यात पडत नाही. त्यासाठी घरफोडीचे कलम वेगळे घ्यावे लागते. त्या कलमांतही बहुधा बळाने आत शिरल्याची वा बाहेर पडल्याची खूण लागते, आणि घरच्या किंवा नोकरमाणसांच्या संगनमताने झालेली चोरी वगळलेली असते. घर किती दिवस बंद राहिले तर संरक्षण थांबते, हेही तेथेच लिहिलेले असते. उन्हाळ्यात महिना महिना गावी जाणाऱ्या आपल्या घरांना हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. शिवाय घरफोडीच्या पॉलिसीत ती जुनी प्रमाणशीर कपात पुष्कळदा आढळते: सामान १० लाखांचे, विमा ५ लाखांचा आणि चोरी २ लाखांची असेल, तर हाती येतो एकच लाख.

दागिने, चांदीची भांडी, चित्रे ही मौल्यवान वस्तूंच्या ऐच्छिक जोडणीत, आधी ठरविलेल्या किमतीने येतात. एकूण रक्कम ५ लाखांच्या आत आणि कोणतीही एक वस्तू १ लाखाच्या आत असेल, तर ‘भारत गृह रक्षा’त मूल्यमापनाचा दाखला लागत नाही. पण सोन्याचा भाव पाहता पाच वर्षांपूर्वी १ लाखाच्या आत असलेल्या पाटल्या आज कोठे आहेत? जुनी यादी जशीच्या तशी पुढे ढकलणारा मध्यस्थ येथे आपले कितीतरी मोठे नुकसान करीत असतो, आणि त्या मानाने ५०० रुपयांचे आगंतुक शुल्क ही चिल्लर गोष्ट आहे. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी त्याच्याकडून पैसे कमी करून घेण्यापेक्षा काम करून घ्यावे, या मताचे आम्ही आहोत. निदान दोन कंपन्यांचे लेखी भाव मागावे, घरफोडी आत आहे की बाहेर हे लेखी विचारावे, आणि वर्षभरात नवे काय आले, जुने काय गेले, याची यादी त्याच्यापुढे ठेवावी. ब्रोकर हे करीत नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी एका पत्राने दुसरा नेमता येतो. परवाना चालू आहे की नाही, हे विमा नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते. (या प्राधिकरणाचे मुख्य कार्यालय हैदराबादेत आहे, हे तेथील आपल्या वाचकांना ठाऊक असेलच.)

पैसे कसे भरावेत, हेही महत्त्वाचे आहे. कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे हप्ता आधी मिळाल्याखेरीज कंपनी जोखीम स्वीकारीत नाही. एजंटाने घेतलेला हप्ता बँक व टपालाच्या सुट्ट्या वगळून चोवीस तासांत कंपनीकडे पोचविला पाहिजे. तो त्याच्या खिशात राहिला आणि दरम्यान पाणी आले, तर भांडण लांबते. धनादेश कंपनीच्या नावे काढावा, किंवा कंपनीच्या अधिकृत दुव्यावरून भरावे. मध्यस्थाच्या वैयक्तिक खात्यावर नव्हे. आणि मुदत संपण्याची तारीख उलटू देऊ नये. आयुर्विम्यासारखे सवलतीचे दिवस येथे मिळतील, या भरवशावर राहू नये. वडोदऱ्यात तरी जुलै-ऑगस्टमध्ये मुदत संपणारी पॉलिसी जूनमध्येच हातात असावी.

आपल्यातील अनेकांची मुले इंग्लंडात स्थायिक आहेत. त्यांच्या पत्रांतून आणि फोनवरून ‘ब्रोकर फी’ची तक्रार ऐकून इकडचे आईवडील गोंधळतात, म्हणून दोन शब्द. तेथील रीत निराळी आहे. ब्रोकर कंपनीकडून कमिशन घेतोच, पण पॉलिसी करण्याचे, नवी करण्याचे, मध्येच पत्ता बदलण्याचे आणि रद्द करण्याचे असे निरनिराळे शुल्क ग्राहकाकडूनही घेऊ शकतो. मात्र ते करारापूर्वी सांगावे लागते. पॉलिसी रद्द केली तरी हे शुल्क पुष्कळदा परत मिळत नाही. एप्रिल २०१७पासून नूतनीकरणाच्या सूचनेवर गेल्या वर्षीचा हप्ता छापणे तेथे सक्तीचे आहे. १ जानेवारी २०२२पासून तेथील फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने आणखी एक नियम केला: त्याच मार्गाने आलेल्या नव्या ग्राहकाला जो भाव मिळेल त्याहून अधिक भाव जुन्या ग्राहकाला घर व मोटार विम्याच्या नूतनीकरणात लावता येत नाही. जुन्या ग्राहकाच्या निष्ठेवरच दरवर्षी चार पैसे चढविण्याची चाल त्याने बंद पाडली. असा नियम आपल्याकडे झाला तर आम्ही त्याचे स्वागतच करू.

तक्रारीचा प्रसंग आला तर आधी कंपनीच्या किंवा ब्रोकरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावे. महिन्याभरात उत्तर न आल्यास वा समाधान न झाल्यास, वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे शुल्क नाही, वकिलाची गरज नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई देण्याचा अधिकार लोकपालाला आहे. २०२१च्या दुरुस्तीने ब्रोकरांच्या सेवेतील कसूरही त्यांच्या कक्षेत आली. वडोदऱ्याच्या कुटुंबांनी अहमदाबादच्या, इंदूर-ग्वाल्हेरकरांनी भोपाळच्या, बेळगावकरांनी बंगळूरच्या, गोव्यातील वाचकांनी मुंबईच्या आणि हैदराबादकरांनी आपल्याच शहरातील लोकपाल कार्यालयात अर्ज करावा. अर्जासोबत पॉलिसीचे शेड्यूल, पैसे भरल्याचा पुरावा आणि मध्यस्थाशी झालेला सारा पत्रव्यवहार जोडावा. मोबाईलवरील संदेशांच्या छापील प्रतीही चालतात. सामानाची यादी व प्रत्येक खोलीची छायाचित्रे यांची एक प्रत मात्र घराबाहेर, मुलीकडे किंवा भावाकडे, ठेवावी.